मोटारीची हौस आणि श्रमाची भूक

डिसेंबर २०२३ मध्ये कॅनडातील ब्रॅम्प्टन येथील कारखान्यातून शेवटची डॉज चॅलेंजर बाहेर पडली. त्याच महिन्यात अमेरिकेच्या मिशिगन राज्यातील लॅन्सिंग येथे शेव्हरोले कॅमारोचे उत्पादन थांबले. 'मसल कार' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या मोटारींच्या त्रिकुटापैकी फोर्डची मस्टँग तेवढी उरली. मसल कार म्हणजे दंडाच्या बेटकुळ्या दाखवीत हिंडणारी मोटार. दोन दारांची बैठी बांधणी, मागच्या चाकांना मिळणारी गती, बॉनेटखाली आठ सिलिंडरांचे दांडगे इंजिन आणि अर्ध्या मैलावरून ओळखू येणारा आवाज ही तिची लक्षणे. अशी गाडी घ्यायची, घरच्या गॅरेजमध्ये तिच्यात आपल्या हाताने फेरफार करायचे, आणि सुटीच्या दिवशी ती शर्यतीच्या पट्टीवर नाही तर समानधर्मीयांच्या मेळाव्यात न्यायची, हा अमेरिकेतील असंख्य लोकांचा छंद आहे. कारखान्यांनी गाड्या बनविणे थांबविले तरी तो थांबलेला नाही.

डाव्या विचारांच्या कार्यकर्त्याला या छंदाविषयी मत विचारले तर उत्तर बहुधा ठरलेले असते. पेट्रोलची नासाडी, पुरुषी मिजास, भांडवलशाहीने पढविलेला चंगळवाद, अशा तीन शब्दप्रयोगांत विषय निकालात निघतो. हे उत्तर खोटे नाही, परंतु ते अपुरे आहे. आणि अपुरे उत्तर राजकारणात पुष्कळदा खोट्या उत्तराइतकेच महाग पडते. ज्या कामगाराला संघटित करावयाचे, त्याच्या हौशीला केवळ मोह म्हणून हिणविणारी चळवळ त्याच्या मनापर्यंत पोहोचत नाही. म्हणून या हौशीत नेमके काय आहे, तिच्यातील किती भाग बाजाराने पेरलेला आहे आणि किती भाग माणसाच्या एका खऱ्या भुकेतून आलेला आहे, याची छाननी करणे अगत्याचे आहे.

भंगारातून जन्मलेला छंद

या छंदाचे मूळ श्रीमंतांच्या दिवाणखान्यात नाही. १९३० नंतरच्या मंदीच्या दशकात कॅलिफोर्नियातील बेताच्या मिळकतीचे तरुण जुन्या फोर्ड गाड्या स्वस्तात घेत, त्यांचे अनावश्यक पत्रे काढून टाकीत, इंजिनात सुधारणा करीत आणि वाळवंटातील कोरड्या सरोवरांच्या सपाट तळांवर त्या पळवीत. १९३७ मध्ये अशा मंडळींनी 'सदर्न कॅलिफोर्निया टायमिंग असोसिएशन' ही संघटना स्थापन केली. दुसऱ्या महायुद्धानंतर लष्करात यंत्रांचे शिक्षण मिळालेले जवान घरी परतले आणि हा छंद देशभर पसरला. कारखान्याने जे दिले त्यावर न थांबता ते उघडून पाहणे आणि सुधारणे, ही त्यामागची मूळ प्रेरणा होती.

मोटार कंपन्यांना या प्रेरणेत बाजारपेठ दिसली ती नंतर. १९६४ मध्ये जनरल मोटर्सच्या पाँटिअॅक विभागाने आपल्या मध्यम आकाराच्या टेंपेस्ट गाडीत ६.४ लिटरचे मोठे इंजिन बसवून 'जीटीओ' विकावयास काढली. एवढे मोठे इंजिन मध्यम गाडीत घालावयाचे नाही असा खुद्द कंपनीचा नियम होता. तो चुकविण्यासाठी हे इंजिन 'ग्राहकाच्या पसंतीचा जादा भाग' म्हणून देण्यात आले. त्याच वर्षी १७ एप्रिल रोजी फोर्डने मस्टँग बाजारात आणली. तिची किंमत २,३६८ डॉलरपासून सुरू होत होती. दोन वर्षांच्या आत दहा लाख मस्टँग तयार झाल्या. महायुद्धानंतर जन्मलेली पिढी तेव्हा नुकती कमावती होत होती. संघटित कामगारांचे वेतन वाढते होते. त्या दशकात कारखान्यातील तरुण कामगारही अशी गाडी हप्त्याने घेऊ शके.

पुढे १९७० चा स्वच्छ हवेचा कायदा, विम्याचे चढते दर आणि १९७३ ची तेलबंदी या तिहेरी माऱ्याखाली ही जात लोप पावत गेली. १९७४ च्या मस्टँगमध्ये आठ सिलिंडरांचे इंजिन मिळतच नव्हते. तिचा पुनर्जन्म एकविसाव्या शतकात झाला. २००५ ची मस्टँग, २००८ ची चॅलेंजर आणि २००९ मध्ये परतलेली कॅमारो या तिघींनी जुने रूप धारण केले, परंतु त्यांच्या पोटात संगणक होता. इंधनाचा प्रत्येक थेंब आणि प्रत्येक ठिणगीचा क्षण संगणक ठरवू लागल्यामुळे शक्ती आणि स्वच्छता यांतील जुना विरोध पुष्कळसा मावळला. २०२४ च्या मस्टँग जीटीचे पाच लिटरचे इंजिन ४८० अश्वशक्ती देते, आणि तेही धूर शुद्ध करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरसह. १९६४ च्या जीटीओची जाहीर शक्ती ३२५ होती.

गॅरेजमध्ये काय घडते

हा छंद बाहेरून जितका उथळ दिसतो तितका आतून नाही. नवशिक्या हौशी माणूस प्रथम हवा आत घेणारी नळी आणि फिल्टर बदलतो, मग सायलेन्सर. पुढे त्याला कळते की गाडी नुसती पळून भागत नाही, ती वळली आणि थांबली पाहिजे. म्हणून तो स्प्रिंगा, शॉक अॅब्सॉर्बर आणि ब्रेक यांकडे वळतो. मागच्या आसाच्या डिफरन्शियलमधील दात्यांचे गुणोत्तर बदलले की गाडी झटक्याने उठते, पण तोच वेग राखण्यासाठी इंजिनाला अधिक फेरे घ्यावे लागतात, हे व्यस्त प्रमाण त्याला पुस्तकाशिवाय समजते. सुपरचार्जर बसविला की तो इंजिनाच्याच शक्तीवर फिरून सिलिंडरांत हवा कोंबतो; दाबलेली हवा तापते; तापलेल्या हवेने इंधन अवेळी पेटण्याचा धोका निर्माण होतो; मग हवा थंड करण्याची सोय, अधिक इंधन देणारी उपकरणे आणि ठिणगीची नवी वेळ हे सर्व ओघाने आलेच. एक दुवा चुकला तर पिस्टन वितळतो. शेवटी गाडी रुळांवर चढवून तिच्या चाकांवरची शक्ती मोजतात, आणि आठवड्यांच्या कष्टाचा निकाल एका आलेखात उमटतो.

ज्याने हे केले त्याने उष्णताशास्त्र, यामिकी आणि संगणकाची आज्ञावली यांची तोंडओळख आपल्या बोटांनी करून घेतलेली असते. वॉशिंग्टनच्या कोणत्याही धोरणाने त्याला हे शिकविलेले नसते. ते त्याला मित्रांनी, शेजाऱ्यांनी आणि स्वतःच्या चुकांनी शिकविलेले असते. या मंडळींत जुने हत्यार उसने देण्याची, एकमेकांच्या गाडीखाली जाऊन बोल्ट सोडविण्याची, आणि मजुरी न घेता शनिवार खर्ची घालण्याची रीत आहे. देवघेवीची ही पद्धत बाजाराच्या नियमांत बसत नाही. आपल्या खेड्यांतील इर्जिकीची जात तिला जवळची आहे.

येथे प्रश्न असा की दिवसभर राबून आलेला माणूस रात्री पुन्हा राबावयास का बसतो? जर श्रम हा केवळ जाच असता, आणि वेतन ही त्या जाचाची भरपाई असती, तर फावल्या वेळात कोणी पाना हाती धरला नसता. अर्थशास्त्राची रूढ पाठ्यपुस्तके श्रमाला 'उणे उपयोगिता' मानतात. गॅरेजमधील माणूस त्या गृहीताला खोटे ठरवितो. थॉर्स्टाइन व्हेब्लेन यांनी १८९९ मध्ये दिखाऊ उपभोगाची मीमांसा केली, हे सर्वांच्या स्मरणात असते. परंतु त्याच व्हेब्लेन यांनी १९१४ मध्ये माणसातील कारागिरीच्या उपजत प्रवृत्तीवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला, याचा विसर पडतो. मसल कारच्या हौशीत व्हेब्लेन यांची ही दोन्ही सूत्रे एकाच बॉनेटखाली नांदतात. म्हणूनच तिच्याविषयी एका शब्दात निकाल देता येत नाही.

रांगेने जे हिरावले

१९१३ मध्ये हेन्री फोर्ड यांच्या हायलंड पार्क कारखान्यात मोटारींची सरकती जुळणी-रांग सुरू झाली. पूर्वी गाडी बांधणारा कारागीर होता. आता एकच बोल्ट दिवसभर आवळणारा हात उरला. कामगार टिकेनात, म्हणून १९१४ मध्ये फोर्डने दिवसाला पाच डॉलरचे वेतन जाहीर केले. हा औदार्याचा आविष्कार म्हणून आजही सांगितला जातो. वस्तुतः कामातून काढून घेतलेल्या अर्थाचे ते रोख मोल होते. स्वतः तांबटकाम केलेल्या हॅरी ब्रेव्हरमन यांनी १९७४ मध्ये या प्रक्रियेचे वर्म सांगितले: विचार एकाकडे, कृती दुसऱ्याकडे, अशी फाळणी करून भांडवल कामगाराचे कौशल्य व्यवस्थापनाच्या कचेरीत नेऊन ठेवते.

त्याचे प्रत्यंतर १९७२ मध्ये ओहायोतील लॉर्ड्सटाउन येथे आले. जनरल मोटर्सच्या या कारखान्यात रांगेचा वेग तासाला सुमारे शंभर गाड्यांपर्यंत नेण्यात आला होता. म्हणजे एका गाडीपाठीमागे कामगाराला मिळत होते जेमतेम छत्तीस सेकंद. बहुसंख्य कामगार तरुण होते. त्या वर्षीच्या मार्च महिन्यात त्यांनी सुमारे तीन आठवडे संप केला, आणि त्या संपात वेतनापेक्षा कामाची गती आणि कामाचे स्वरूप यांविषयीचा संताप अधिक होता. तेथल्याच पिढीला सुटीच्या दिवशी संपूर्ण मोटार स्वतः जुळविण्याची ओढ वाटावी, हा योगायोग मानता येणार नाही. रांगेवर जो माणूस गाडीचा एक तुकडा पाहतो, त्याला गॅरेजमध्ये ती सगळी हाती लागते. काय करावयाचे हे तोच ठरवितो, करतोही तोच, आणि बिघडले तर दोषही त्याचाच. मार्क्सने १८४४ च्या हस्तलिखितांत ज्या परात्मभावाचे वर्णन केले, त्यावर हा कामगाराने स्वतः शोधलेला घरगुती उपाय आहे. उपाय अपुरा आहे, हे खरे. पण त्यावरून दुखणे खोटे ठरत नाही.

फ्रेंच समाजवादी विचारवंत आंद्रे गॉर्झ यांनी १९७३ मध्ये खासगी मोटारीवर केलेली टीका प्रसिद्ध आहे. मोटार स्वातंत्र्याचा आभास देते, परंतु तिचा धनी इंधनासाठी आणि दुरुस्तीसाठी व्यापाऱ्यांचा मिंधा होतो, तो तिचा स्वामी नसून केवळ वापरणारा असतो, असे त्यांचे म्हणणे. सर्वसामान्य मोटारवाल्याच्या बाबतीत ते बिनतोड आहे. पण बॉनेट उघडून आत हात घालणारा हौशी माणूस नेमके हेच मिंधेपण झुगारू पाहतो. तो ग्राहकाचा स्वामी होऊ पाहतो. त्याचे हे बंड लहान आहे, आणि खासगीही. तरी ते बंड आहे.

बाजाराने केलेला ग्रास

भांडवलशाहीचे सामर्थ्य असे की आपल्याविरुद्धच्या बंडाचेही ती दुकान थाटते. सुटे भाग बनविणाऱ्यांची 'सेमा' ही व्यापारी संघटना १९६३ मध्ये स्थापन झाली. दरवर्षी नोव्हेंबरच्या सुमारास लास व्हेगासमध्ये तिचे प्रचंड प्रदर्शन भरते, आणि गाड्या सजविण्या-सुधारण्याच्या या व्यापाराची वार्षिक उलाढाल त्या संघटनेच्याच अंदाजाने ५० अब्ज डॉलरांहून अधिक आहे. भंगारातून जे हाताने घडविले जाई ते आता खोक्यात बंद होऊन येते. ज्याच्यापाशी पैसा आहे तो भागही विकत घेतो आणि बसविणाराही. त्याच्या लेखी हौस म्हणजे पावत्यांची चळत.

कारखानेही मागे राहिले नाहीत. २०१५ च्या सुमारास डॉजने 'हेलकॅट' इंजिनाची ७०७ अश्वशक्तीची गाडी विकावयास आणली. २०१८ मध्ये ८४० अश्वशक्तीची 'डीमन' आली, आणि शर्यतीसाठी लागणारी हत्यारे व पुढची अरुंद चाके यांची पेटी अवघ्या एका डॉलरला देऊ करण्यात आली. २०२३ मध्ये शेवटच्या डीमनने १,०२५ अश्वशक्ती गाठली. म्हणजे पूर्वी जे काम हौशी माणूस वर्षानुवर्षे करी, ते कारखान्यानेच तयार करून, त्याच्या कर्तबगारीच्या शिक्क्यासह, विकावयास मांडले. श्रमाची भूक ज्याला होती त्याच्या हाती श्रमाचे शिजवलेले चित्र आले. यासाठी लागणारा पैसा पुष्कळांजवळ नसतो. तो कर्जाने उभा राहतो. न्यूयॉर्कच्या फेडरल रिझर्व्ह बँकेच्या हिशेबानुसार २०२४ मध्ये अमेरिकन कुटुंबांवरील मोटार-कर्जाचा बोजा १.६ लाख कोटी डॉलरांवर होता. त्यात मसल कारचा वाटा थोडा असेल. परंतु वेतनाने न परवडणारी वस्तू व्याजाने परवडते असे भासविण्याची रीत सर्वत्र एकच आहे.

कुलूप कोणासाठी?

आता याहून गंभीर गोष्ट घडत आहे. मोटारीतील संगणकाच्या आज्ञावलीवर कंपन्या आपला लेखनाधिकार सांगतात, आणि १९९८ च्या अमेरिकन कायद्याने अशी डिजिटल कुलपे तोडणे गुन्हा ठरते. १९७५ च्या एका कायद्याने ग्राहकाला काही संरक्षण दिले होते: दुसऱ्याने बनविलेला भाग बसविला एवढ्याच कारणावरून कंपनीला हमी नाकारता येत नाही, त्या भागामुळेच बिघाड झाला हे दाखवावे लागते. परंतु बॉनेटच कुलूपबंद झाले तर या संरक्षणाला फारसा अर्थ उरत नाही. नव्या पिढीच्या गाड्यांतील संगणक अधिकाधिक कडेकोट बंद होत आहेत. उद्या मोटारीचा मालक कागदावर मालक राहील, प्रत्यक्षात मात्र भाडेकरू होईल.

२०१५ मध्ये या प्रश्नावर अमेरिकेत जाहीर वाद झाला. दुरुस्ती आणि कायदेशीर सुधारणा यांसाठी आज्ञावली उघडण्याची मुभा द्यावी, अशी मागणी होती. जनरल मोटर्ससारख्या कंपन्यांनी विरोध केला. पर्यावरण संरक्षण संस्थेनेही, लोक धूर-नियंत्रण निकामी करतील या भीतीने, मुभेला हरकत घेतली. आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये फोक्सवॅगनचे बिंग फुटले. चाचणीच्या वेळी स्वच्छ आणि रस्त्यावर मात्र घाण धूर सोडणारी आज्ञावली जगभरातील सुमारे १ कोटी १० लाख गाड्यांत कंपनीने स्वतः लपविली होती. बंद कुलपाआड चोर होता तो गॅरेजमधला पोरगा नव्हता, नामवंत कारखानदार होता. ऑक्टोबरमध्ये अखेर लायब्ररी ऑफ काँग्रेसने मर्यादित मुभा दिली. २०२० मध्ये मॅसॅच्युसेट्स राज्यातील मतदारांनी गाड्यांतील माहिती स्वतंत्र दुरुस्तीवाल्यांना खुली करण्याचा प्रस्ताव सुमारे तीन चतुर्थांश मतांनी मान्य केला. यंत्र उघडण्याचा हक्क हा मोजक्या हौशी लोकांचा लाड नाही, तो सर्वांचा प्रश्न आहे, हे सामान्य मतदाराला पंडितांच्या आधी उमगले.

शेजाऱ्याची हवा

याचा अर्थ हौशी माणूस निर्दोष आहे असा नाही. गाडी त्याची असली तरी धूर त्याचा एकट्याचा नसतो. पर्यावरण संरक्षण संस्थेने नोव्हेंबर २०२० च्या अहवालात असा अंदाज दिला की त्याआधीच्या दशकभरात साडेपाच लाखांहून अधिक डिझेल पिकअप गाड्यांची धूर-नियंत्रण यंत्रणा काढून टाकण्यात आली, आणि त्यामुळे ५ लाख ७० हजार टन जादा नायट्रोजन ऑक्साइड हवेत मिसळणार होते. त्या मसल कार नव्हेत. परंतु कॅटॅलिटिक कन्व्हर्टर कापून टाकणाऱ्या मसल कारवाल्याची मनोवृत्ती तीच असते. अमेरिकेतील महामार्गांच्या विमा-सुरक्षा संस्थेने २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या तौलनिक अभ्यासात चालकांच्या मृत्यूचे प्रमाण सर्वाधिक असलेल्या गाड्यांत कॅमारो, चॅलेंजर, चार्जर आणि मस्टँग यांचे काही प्रकार होते. रात्री अपरात्री चौक अडवून चाके जाळणारी टोळकी ज्या वस्तीत धुडगूस घालतात ती पुष्कळदा गरिबांचीच असते, आणि मोठमोठ्या रस्त्यांलगत राहणाऱ्या कष्टकऱ्यांच्या मुलांनीच तो धूर हुंगावयाचा असतो. स्वातंत्र्याच्या नावाखाली चाललेली ही अरेरावी कोणत्याही समाजवाद्याने खपवून घेऊ नये.

परंतु यावर उपाय आहे, आणि तो या छंदाच्याच इतिहासात सापडतो. १९५१ मध्ये वॉली पार्क्स यांनी 'नॅशनल हॉट रॉड असोसिएशन' स्थापन केली, ती रस्त्यावरच्या शर्यती हटवून त्या नियमबद्ध पट्ट्यांवर नेण्यासाठी. पाव मैलाची पट्टी, वेळ मोजणारी यंत्रे, शिरस्त्राणाची सक्ती आणि गाडीची तपासणी एवढ्या व्यवस्थेने अनेकांचे प्राण वाचले. कॅलिफोर्नियात सुटा भाग रस्त्यावरच्या गाडीला बसविण्यापूर्वी तो धूर वाढवीत नाही हे राज्याच्या हवा मंडळापुढे सिद्ध करून परवाना-क्रमांक घ्यावा लागतो. आणि असे परवानाधारक सुपरचार्जरही तेथे मिळतात. म्हणजे बंदी आणि बेबंदी यांच्यामध्ये तिसरा मार्ग आहे. यंत्र खुले असावे, परंतु त्यातून बाहेर पडणाऱ्या धुराची आणि आवाजाची मोजणी सार्वजनिक असावी, आणि तोच काटा कारखानदारालाही लागू असावा.

वेळ कोणाचा?

छंदाला यंत्र लागते तसा वेळ लागतो, आणि येथेच हा विषय सरळ कामगार-चळवळीच्या अंगणात येतो. सप्टेंबर २०२३ मध्ये युनायटेड ऑटो वर्कर्स या संघटनेने फोर्ड, जनरल मोटर्स आणि स्टेलांटिस या तिन्ही कंपन्यांत प्रथमच एकाच वेळी संप पुकारला. सुमारे सहा आठवड्यांच्या लढ्यानंतर कराराच्या मुदतीत २५ टक्के वेतनवाढ आणि महागाईशी निगडित भत्ता मिळाला. परंतु संघटनेची आणखी एक मागणी होती: चाळीस तासांच्या वेतनात बत्तीस तासांचा आठवडा. ती मान्य झाली नाही. वर्तमानपत्रांनी तिची थट्टा केली. १९३३ मध्ये अमेरिकेच्या सिनेटने ह्यूगो ब्लॅक यांचे आठवड्याला तीस तासांचे विधेयक संमत केले होते, जरी त्याचा कायदा झाला नाही, ही गोष्ट थट्टा करणाऱ्यांना आठवली नाही. नव्वद वर्षांत यंत्रांची उत्पादकता कितीतरी पटींनी वाढली, आणि तरीही कामगाराला स्वतःच्या हाताने काही घडविण्यासाठी रविवारची दुपारच उरते.

या कथेला आणखी एक कडू बाजू आहे. संपाच्या समझोत्यात इलिनॉय राज्यातील बेल्व्हिडिअर येथील बंद पडलेला कारखाना पुन्हा उघडण्याचे वचन स्टेलांटिसने दिले. चॅलेंजर गेल्यावर ब्रॅम्प्टनच्या कामगारांना जीप कंपास या नव्या गाडीची आशा दाखविण्यात आली होती. ऑक्टोबर २०२५ मध्ये, अमेरिकेच्या आयातकरांच्या दडपणाखाली, कंपनीने ती गाडी बेल्व्हिडिअरला हलविण्याचे जाहीर केले. एका देशाच्या कामगाराचा विजय दुसऱ्या देशाच्या सुमारे तीन हजार कामगारांच्या चुलीवर पाणी ओतून साजरा झाला. ज्यांच्या हातांनी लोकांच्या स्वप्नातली मोटार बनली त्यांचे भवितव्य ठरविताना त्यांना कोणी विचारले नाही.

हे दुःख महाराष्ट्राला परके नाही. कॅमारोची जन्मदाती जनरल मोटर्स २००८ पासून तळेगावात मोटारी बनवीत होती. २०१७ अखेर तिने भारतातील विक्री गुंडाळली, डिसेंबर २०२० मध्ये उत्पादन थांबविले, आणि कामगार न्यायालयांचे उंबरठे झिजवीत राहिले. २०१६ मध्ये फोर्डने सुमारे ६५ लाख रुपयांची मस्टँग भारतात आणली. पाच वर्षांनी, सप्टेंबर २०२१ मध्ये, तिने येथील मोटारी बनविणे बंद करण्याचे घोषित केले. ज्या देशात मस्टँग ही मूठभरांची चैन आहे तेथे तिची भलावण करण्याचे कारण नाही. परंतु कायद्याचा प्रश्न येथेही तोच आहे. २०१९ च्या दुरुस्तीनुसार मोटारीत नियमबाह्य बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड होऊ शकतो. कर्णकर्कश सायलेन्सर लावणाऱ्याला शासन झालेच पाहिजे. मात्र धोकादायक बदल आणि कल्पक सुधारणा यांतला फरक ओळखणारी, सामान्य कारागिराला परवडेल अशी तपासणी-व्यवस्था उभी केल्याशिवाय नुसता दंड वाढविला, तर गल्लीबोळातील मिस्त्रीची बुद्धी तेवढी दडपली जाते.

तात्पर्य, मसल कारच्या हौशीकडे पाहताना तीन गोष्टी वेगळ्या केल्या पाहिजेत. तिच्यातील दिखाऊपणा आणि कर्जबाजारीपणा बाजाराचा आहे. त्याच्याशी झुंज दिली पाहिजे. तिच्यातील धूर, गोंगाट आणि धोका समाजाचा आहे; त्यावर समाजाने मोजून मर्यादा घातली पाहिजे. परंतु तिच्यातील हाताची आणि बुद्धीची एकत्र भूक ही माणसाची आहे, आणि तिला नाकारणारा समाजवाद केवळ वाटपाचा हिशेब होऊन बसेल. पेट्रोलची मोटार उद्या जाईल. २०२४ पासून डॉजने बॅटरीवरची चार्जर आणली आहे, आणि तिला जुन्या इंजिनाचा कृत्रिम आवाजही दिला आहे. आवाजाची नक्कल विकता येते. यंत्र समजून घेण्याचा आनंद तसा विकता येत नाही. त्यासाठी उघडणारे बॉनेट लागते आणि मोकळा वेळ लागतो. या दोन्ही गोष्टी कामगाराला आजवर कोणी आपण होऊन दिलेल्या नाहीत. त्या संघटनेनेच मिळवाव्या लागतील.